वीज येते, प्रिंटर ‘ऑफलाइन’ जातो

प्रश्न : आमच्या घरी वायफायवर चालणारा एकच प्रिंटर असून माझा लॅपटॉप, मुलीचा मोबाइल आणि सासऱ्यांचा डेस्कटॉप अशा तिन्हींसाठी तो वापरला जातो. पावसाळ्यात वीज वरचेवर जाते आणि ती परत आली, की दोन्ही संगणकांवर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. मोबाइलवरून मात्र त्याच वेळी प्रिंट व्यवस्थित निघते. प्रिंटर काढून टाकून ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारे सॉफ्टवेअर) नव्याने घातला, की काही दिवस बरे जातात. नवा प्रिंटर घ्यावा का? – एक वाचिका, सांगली

उत्तर : मुळीच घेऊ नये. मोबाइलवरून कागद छापून निघतो, त्याअर्थी प्रिंटर धडधाकट आहे आणि वायफायलाही जोडलेला आहे. बदलला आहे तो त्याचा पत्ता.

राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी एक आयपी पत्ता देतो. वीज गेली, की अनेक घरगुती राउटर कोणाला कोणता पत्ता दिला होता हे विसरतात आणि पुन्हा सुरू झाल्यावर नव्याने वाटप करतात. त्यामुळे काल १९२.१६८.१.५ वर असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.८ वर असू शकतो. मोबाइल दरवेळी नेटवर्कवर हाक मारून प्रिंटरला नव्याने शोधतो, म्हणून त्याचे अडत नाही. विंडोजमध्ये मात्र जोडणी करताना जो पत्ता नोंदला गेला, त्याच दारावर संगणक थापा मारत राहतो आणि आतून ओ आली नाही, की ‘ऑफलाइन’ लिहून मोकळा होतो. ड्रायव्हर पुन्हा घालताना नवा पत्ता आपोआप नोंदला जातो, एवढेच त्या खटाटोपाचे फलित.

खात्री करून घेण्यासाठी प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क सेटिंगचे पान छापावे आणि त्यावरील आयपी पत्ता लॅपटॉपच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधील ‘पोर्ट्स’ या भागात दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे निघाले, तर निदान पक्के झाले. पानावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मात्र प्रकरण निराळे आहे : वीज आल्यावर राउटर पूर्ण सुरू होण्याआधीच प्रिंटर जागा झाला आणि त्याला पत्ता मिळालाच नाही. अशा वेळी प्रिंटर बंद करून, राउटरचे दिवे स्थिरावल्यावर चालू करावा.

कायमचा उपाय राउटरमध्ये आहे. राउटरच्या तळाशी असलेल्या लेबलवर त्याच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो; तेथे ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तत्सम नावाच्या पर्यायात प्रिंटरचा मॅक पत्ता (छापलेल्या पानावर दिसणारी १२ अंक-अक्षरांची ओळख) भरून त्याच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा, प्रिंटर एकदा बंद-चालू करावा आणि मग दोन्ही संगणकांच्या पोर्टमध्ये तोच पत्ता घालावा. काही जण प्रिंटरवरच हाताने पत्ता ठरवून टाकतात. पण राउटर तोच पत्ता दुसऱ्या कोणाला देऊन बसला, तर दोघांची टक्कर होते, म्हणून ती वाट मी सुचवणार नाही. एवढे करूनही ‘ऑफलाइन’ कायम राहिले, तर पोर्टच्या सेटिंगमधील ‘एसएनएमपी स्टेटस’ (प्रिंटरची स्थिती संगणकाने परस्पर विचारण्याची सोय) यासमोरची खूण काढून पाहावी.

हे सारे करण्यापूर्वी रांगेत अडकलेली कामे रद्द करायला विसरू नये, अन्यथा जोडणी सुरळीत होताच आठवडाभर थांबलेल्या वीजबिलाच्या सगळ्या प्रती एकापाठोपाठ एक बाहेर पडतील.

प्रश्न : नवा राउटर बसवल्यापासून प्रिंटरला आमचे वायफाय दिसतच नाही. – एक वाचक, पुणे

उत्तर : घरगुती प्रिंटरांपैकी अनेकांना वायफाय लहरींचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो. राउटरमध्ये तो पट्टा बंद नाही ना, हे आधी पाहावे. बाकीची उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर राहिली तरी बिघडत नाही. राउटर एकच असला, की सहसा दोन्ही पट्ट्यांवरची उपकरणे एकमेकांना दिसतात. नाव दिसू लागले पण पासवर्ड बरोबर असूनही जोडणी नाकारली जात असेल, तर सुरक्षेचा प्रकार केवळ ‘डब्ल्यूपीए ३’ असा निवडलेला आहे का ते तपासून ‘डब्ल्यूपीए २/३’ हा मिश्र पर्याय निवडावा, कारण जुन्या प्रिंटरांना नवा प्रकार समजत नाही. प्रिंटर ‘गेस्ट’ नेटवर्कवर मात्र जोडू नये. तेथील उपकरणांना घरातल्या इतर उपकरणांपासून बहुधा मुद्दाम वेगळे ठेवलेले असते.