घरी हलकं, आशियाई पद्धतीचं पालेभाजी घातलेलं मीटबॉल सूप कसं करायचं?

थायलंडमध्ये घरोघरी होणारं ‘गेंग च्युत’ करून बघा. ‘च्युत’ म्हणजे सपक. तिखटाचं नावही नाही. तिथे बहुतेकदा डुकराचा खिमा घेतात, चिकनचाही चालतो. पाव किलो खिम्यात ठेचलेला लसूण, कोथिंबिरीची मुळं (जुडीची मुळं फेकू नका, खरी चव तिथेच आहे), पांढरी मिरी आणि चमचाभर सोया सॉस. एकाच दिशेने फेटत राहा. चिकट झाला की अंडं लागत नाही. लिटरभर स्टॉक मंद आचेवर ठेवून सुपारीएवढे गोळे सोडा. खळखळ उकळलंत तर रस्सा गढूळ होतो. गोळे तरंगले की फेस काढा, आतून शिजलेत ना बघा, मग थोडा फिश सॉस. चायनीज कोबी आधी, पालक अगदी गॅस बंद करताना. वरून तळलेला लसूण मात्र हवाच.