तेल बदललं, बीपी तिथंच

प्रश्न : वय ५८, बीपीची गोळी चालू आहे. तूप बंद करून करडईचं तेल आणलं, तरी बीपी उतरत नाही. आता काय सोडू? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ताई, तेलाआधी मीठ बघा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पापड-लोणचंही त्यातच धरायचं. सैंधवानं सुटका नाही, तेही सोडियमच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. करडई चांगलीच, पण ओतायची नाही. तुमच्याकडची शेंगाचटणी निम्मे भाजलेले जवस घालून कुटा, लसूण सढळ, मीठ चिमूटभर. भाकरीवर चमचाभर तूप चालेल. मला खारी-बटरातल्या वनस्पती तुपाची जास्त धास्ती वाटते. गोळी मात्र परस्पर बंद करू नका.