बहीण माहेरी आली तरी नवरा त्रास देतोच आहे; कोर्टाकडून संरक्षण आदेश कसा मिळवायचा?

तुम्ही लिहिलंय की बहीण महिनाभरापासून माहेरी आहे, नवरा तिच्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभा राहतो, रात्री-अपरात्री फोन करतो, आणि तिला घटस्फोट मात्र नको आहे. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. घटस्फोट मागायची काहीच गरज नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज स्वतंत्र असतो. पुढे नांदायचं की नाही हे ठरलेलं नसतानाही तो करता येतो. त्यासाठी सासरच्या गावी खेटे घालायलाही नकोत. कलम २७ प्रमाणे ती आज जिथे राहते, मग ते तात्पुरतं का असेना, तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो.

अर्ज कलम १२ खाली करायचा. तो तिला स्वतः करता येतो, वकिलामार्फत किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही (या कायद्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) करता येतो. संरक्षण अधिकारी घटनांचा अहवाल तयार करतात, त्याला सगळे ‘डीआयआर’ म्हणतात. अहवाल असला तर उत्तम. पण तो नाही म्हणून अर्ज अडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आता खरी मेख. बहुतेक अर्ज जुन्या अर्जावरून उतरवलेले असतात आणि शेवटी विनंती असते: ‘गैरअर्जदारास (म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला) कौटुंबिक हिंसाचार करण्यास मनाई करावी.’ आदेशही तेवढाच मोघम येतो. मग तो पुन्हा गेटवर उभा राहिला की ठाण्यातला हवालदार विचारतो, ‘मारलं का? नाही ना?’ आणि विषय तिथेच संपतो. म्हणून विनंतीचा परिच्छेद बहिणीच्या रोजच्या त्रासावरून लिहून घ्या. साधारण असा: ‘गैरअर्जदाराने अर्जदार काम करते त्या ठिकाणी (पूर्ण नाव-पत्ता) प्रवेश करू नये, तिथल्या प्रवेशद्वाराच्या आसपास थांबू नये, फोन, मेसेज, व्हॉट्सॲप, समाजमाध्यमं किंवा तिसऱ्या व्यक्तीमार्फत तिच्याशी संपर्क साधू नये.’ कलम १८ मध्ये कामाच्या ठिकाणी ‘प्रवेश’ करायला मनाई आहे. गेटबाहेर उभं राहणं त्या शब्दात बसतंच असं नाही. पण त्याच कलमात ‘आदेशात नमूद केलेली इतर कृत्यं’ असंही पोटकलम आहे, त्याचा आधार घेऊन ते वेगळं मागायचं. मुलांची शाळा, जॉइंट खातं, लॉकर, स्त्रीधन यांबद्दलही मागता येतं. तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांवर हात उचलायला मनाई मागता येते, म्हणजे तुमच्यासाठीसुद्धा.

मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी कलम २३ चा अंतरिम अर्ज द्या. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, त्यामुळे पहिले काही महिने तिला जे संरक्षण मिळेल ते अंतरिम आदेशाचंच. परिस्थिती तशी असेल तर तिच्या प्रतिज्ञापत्रावरून, समोरच्याला ऐकण्याआधीही, एकतर्फी आदेश देता येतो. पण ‘सतत मारहाण करतो’ एवढ्यावर कुठलंही कोर्ट घाई करत नाही. तारीख, वेळ, काय केलं, कुणी पाहिलं, दवाखान्याचा कागद आहे का, हे लिहा. ‘रात्री साडेदहाला डावा दंड पिरगळला, शेजारच्या काकू आल्या म्हणून सोडलं’ या एका ओळीला पानभर विशेषणांपेक्षा जास्त वजन असतं. शेवटची घटना किती ताजी आहे आणि नोटीस पोचेपर्यंत थांबलं तर काय होण्याची भीती आहे, तेही लिहा. कॉल लॉग आणि मेसेज पुसू नका, मूळ फोन विकू नका. स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आणखी एक. रागाच्या भरात सासू, नणंद, चुलत दीर, सगळ्यांची नावं घालू नका. २०१६ पासून महिलांनाही गैरअर्जदार करता येतं हे खरं, पण प्रत्येकाला नोटीस बजावावी लागते आणि एकाची राहिली की पुढची तारीख. खरोखर त्रास दिला त्यांचीच नावं घाला.

आदेश झाला की त्याची प्रत मोफत मिळते, आणि कलम २४ प्रमाणे ती पोलीस ठाण्यालाही जायला हवी. ‘गेली असेल’ यावर विसंबू नका. प्रमाणित प्रत घेऊन राहत्या भागाच्या आणि ऑफिसच्या भागाच्या, अशा दोन्ही ठाण्यांत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. त्याला आदेश बजावल्याचा पुरावाही जपून ठेवा, कारण ‘मला आदेश माहीतच नव्हता’ हा ठरलेला बचाव असतो.

त्याने आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंतरिम आदेश मोडला तरी हेच. कलम ३२ प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र (पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय कारवाई करता येते असा) आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे ‘आधी कोर्टात जा’ म्हणून ठाण्यातून परत पाठवलं तर हे कलम दाखवा. पोटगी थकली तर मात्र ही वाट धरू नका, वसुलीचा अर्ज वेगळा करा.

बहिणीला एवढं सांगा: आदेश असताना तिने स्वतः त्याच्याशी गप्पा मारल्या म्हणून आदेश रद्द होत नाही, पण ते मेसेज पुढे तिच्याविरुद्ध वापरले जातात. समेट झालाच तर कलम २५ खाली रीतसर अर्ज करून आदेश मागे घ्यावा. आणि आदेश हातात येण्याआधीच तो दारात आला, तर ११२ लावा. महिला हेल्पलाइन १८१ आहे.