गवंड्याचा रोज आणि तुझा अर्ज

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. औद्योगिक देश गेल्या तीन-चारशे वर्षांत श्रीमंत कसे झाले, याचा पुढे अभ्यास करायचा आहे. अर्थशास्त्राचे सर म्हणतात, हा तर इतिहास. इतिहासाच्या मॅडम म्हणतात, यात फार आकडे. बाबा विचारतात, याची नोकरी कुठे असते? माझं गणित बरं आहे, पण फार आवडतं असं नाही. काय करू?

उत्तर : तिघांत बाबांचा प्रश्न सगळ्यात रास्त आहे, म्हणून आधी तोच घेते. तुझ्या विषयाचं नाव आर्थिक इतिहास. ‘आर्थिक इतिहासकार पाहिजे’ अशी जाहिरात विद्यापीठांबाहेर जवळपास निघतच नाही आणि विद्यापीठांतही जागा मोजक्याच. पीएचडी झाली म्हणजे कायम नोकरी पक्की, असं नाही. हे घरी स्पष्ट सांग. या विषयात शिकलेली माणसं मध्यवर्ती बँकांत, धोरण-संशोधनात, विमा आणि गुंतवणूक क्षेत्रात, आर्थिक पत्रकारितेत दिसतात. त्यांच्या दारावरची पाटी मात्र ‘अर्थतज्ज्ञ’ किंवा ‘विश्लेषक’ अशी असते. बेन बर्नान्की यांनी 1983 साली, अमेरिकेतल्या बँका बुडाल्यामुळे 1930च्या दशकातली महामंदी कशी चिघळली यावर लिहिलं होतं. 2008चं आर्थिक संकट कोसळलं तेव्हा अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या अध्यक्षपदी तेच होते. असा योग लाखात एखाद्याचा, त्यामुळे बाबांपुढे हे उदाहरण जरा जपूनच वापर.

सर आणि मॅडम दोघंही अर्धे बरोबर आहेत. अर्थशास्त्राचं नोबेल 1993 साली रॉबर्ट फोगेल आणि डग्लस नॉर्थ यांना, 2023 साली क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं, 2025च्या मानकऱ्यांत जोएल मोकिर होते. चौघंही याच विषयातले. म्हणजे सरांच्या घरचाच हा विषय आहे, फक्त मागच्या खोलीतला.

या मागच्या खोलीत काम काय चालतं, ते एका उदाहरणाने सांगते. 1950च्या दशकात हेन्री फेल्प्स ब्राउन आणि शीला हॉपकिन्स यांनी दक्षिण इंग्लंडमधल्या बांधकाम मजुरांच्या सात शतकांच्या मजुरीची आणि त्या पैशांत काय-काय विकत मिळे याची मालिका तयार केली. अशा मालिकांच्या आधारावर पुढे मोठमोठ्या मांडण्या उभ्या राहिल्या. त्यातली रॉबर्ट अ‍ॅलन यांची फार गाजली : अठराव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये मजूर महाग होता आणि कोळसा स्वस्त, म्हणून माणूस वाचवून कोळसा जाळणारं यंत्र तिथे परवडलं. औद्योगिक क्रांती आधी ब्रिटनमध्येच का झाली, याचं हे मोठं देखणं उत्तर आहे.

मग 2018 साली ज्युडी स्टीफनसन यांचा लेख आला. लंडनमधल्या बांधकामांच्या वह्यांत ‘मजुराचा रोज’ म्हणून जो आकडा सगळे उतरवून घेत होते, तो मजुराच्या हातात पडतच नव्हता. तो ठेकेदाराने बिलात लावलेला दर होता. ठेकेदार स्वतःचा खर्च आणि नफा काढून उरलेलं मजुराला देई. स्टीफनसन यांच्या हिशेबाने खरी मजुरी 20 ते 30 टक्क्यांनी कमी भरते. आता मजूर जर तेवढा महाग नव्हताच, तर त्या देखण्या उत्तराचं काय? यावरचा वाद अजून मिटलेला नाही. एका बिलातली एक ओळ नीट वाचली आणि एवढं सगळं हललं. हे वाचताना तुला हुरूप आला असेल तर विषय तुझा आहे. ‘असेल बुवा’ असं वाटलं असेल, तर पुन्हा विचार कर.

गणिताबद्दल. सिद्धता मांडत बसावं लागत नाही, पण संख्याशास्त्र आणि अर्थमिती (म्हणजे आर्थिक आकड्यांना लावलेलं संख्याशास्त्र) यांतून सुटका नाही. किंमत निर्देशांक कसा बनतो, नमुना कधी फसवतो, हे हाताने करता आलं पाहिजे. शिवाय थोडं प्रोग्रामिंग. आणि दुसऱ्या बाजूला कागद वाचायची चिकाटी. इंग्लंडमध्ये 1752च्या आधी कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे तिथल्या वहीतला ‘फेब्रुवारी 1700’ बहुतेक वेळा आपला 1701 असतो. बारा पेनीचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड, हा हिशेब तर 1971पर्यंत चालला. जर्मनी किंवा फ्रान्सवर काम करायचं तर ती भाषा वाचता यायलाच हवी.

शिकायचं कुठे? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठातही आहे. ऑक्सफर्डला आर्थिक-सामाजिक इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत हा विषय बहुधा अर्थशास्त्र विभागाच्या पोटात असतो, तिथे गणिताची चाळणी बारीक. माझं मत विचारशील तर आधी अर्थशास्त्राचीच पदव्युत्तर पदवी घे, भरपूर संख्याशास्त्र घेऊन, आणि प्रबंध इतिहासावर कर. अर्थशास्त्राकडून इतिहासाकडे वळणं सोपं असतं, उलटा रस्ता चढणीचा. शिवाय बाबांचा प्रश्नही निम्मा सुटतो.

पण अर्ज भरण्याआधी एक कर. बँक ऑफ इंग्लंडने ब्रिटनची कित्येक शतकांची आकडेवारी एका मोठ्या स्प्रेडशीटमध्ये फुकट दिली आहे. ती उतरवून घे. त्यातला कुठलाही एक रकाना निवड आणि दोन महिने त्याच्याच मागे लाग : आकडा कुणी दिला, कुठल्या कागदावरून, मधली गाळलेली वर्षं कशी भरली. तळटिपांतून तळटिपांत जाताना वैताग आला तर सरळ अर्थशास्त्र कर आणि हा विषय हौसेने वाच. त्यात कमीपणा काही नाही. वैताग नाही आला, तर अर्जातल्या निवेदनात ‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे’ हे वाक्य खोड आणि तिथे त्या रकान्याची हकीकत लिही.