घरच्यासारखी

चवथीला दुबईहून फोंड्यात माहेरी आलेल्या एका मुलीचा अडीच वर्षांचा लेक गणपतीवर फळं-पानं बांधून टांगलेल्या माटोळीखाली आजीच्या मांडीवर बसूनही एकच विचारत होता, "याया कुठंय?" याया म्हणजे त्यांच्या घरी राहणारी फिलिपिनो बाई. फिलिपिनो लोक मूल सांभाळणारीला यायाच म्हणतात.

माझ्याकडे सल्ल्याला येऊन बसली ती हेच घेऊन. "ताई, परत गेले की काढून टाकते तिला. मूल माझं राहिलंच नाही."

परदेशात नोकरी करणाऱ्या माता हे वरचेवर विचारतात. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदललेत.) मुलापुरतं उत्तर सोपं आहे. या वयात मूल दोघा-तिघांना जीव लावतं, आणि यायाला लावलेला जीव आईच्या वाट्यातून वजा होत नाही. दिवसभर हाताशी असलेलं माणूस एकाएकी नाहीसं झालं, तर मात्र मूल बिथरतं, रात्री दचकून उठतं. तिला म्हटलं, काढू नकोस. ऑफिसातून आल्यावरची आंघोळ आणि झोपतानाची गोष्ट तेवढी तुझी ठेव. रोज, न चुकता.

एवढ्यावर ती उठेल असं वाटलं होतं. तिनं मोबाइल पुढे केला. घरातल्या कॅमेऱ्याचं चित्रण, रात्री पावणेअकराचं. याया स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली, फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, पडद्यावर शाळेच्या गणवेशातली मुलगी. "बघा, कामाच्या वेळी फोन."

"पावणेअकराला कसलं काम?"

"बाटल्या उकळायच्या असतात ना."

मग कागद घेतला आणि यायाचा दिवस लिहायला लावला. सकाळी साडेपाचला सुरुवात, रात्री अकराला शेवट, मुलगा रात्री उठला तर तेही तिच्याकडेच. सुट्टीचा रकाना रिकामा राहिला. "ती घरच्यासारखीच आहे, ताई. आमच्याच टेबलावर जेवते."

"घरच्यासारखी म्हणजे तुझ्या आईसारखी? तिला कधी सुट्टी होती?"

ती हसली नाही. मलाही ते बोलताना जडच गेलं. आमच्या आजीच्या घरी कामाला येणारीची कपबशी मागच्या दारी कोनाड्यात वेगळी असायची, आणि तिलाही आम्ही 'घरचीच' म्हणायचो.

अमिरातीत घरकामगारांसाठी 2022चा स्वतंत्र कायदा आहे. आठवड्याला एक पगारी सुट्टी, दिवसाला बारा तास विश्रांती, त्यातले आठ तास सलग, वर्षाला तीस दिवस रजा. पासपोर्ट कामगाराच्याच ताब्यात हवा. हे सांगितल्यावर ती गप्प झाली. यायाचा पासपोर्ट तिच्या कपाटात होता, सोन्याच्या डब्याशेजारी. "हरवू नये म्हणून," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "पळून गेली तर? एजन्सीला एवढे पैसे भरलेत." कागदपत्र अडकवल्यानं माणूस टिकत नाही, आतून धुमसत राहतं. आणि अशा माणसाच्या हाती आपण मूल सोपवून जातो! हे मी जरा कडक आवाजातच सांगितलं. सल्ल्याला आलेल्यांशी असं बोलू नये, पण बोलले.

तिचा मत्सर खोटा नव्हता. फक्त तो चुकीच्या बाईवर निघत होता. बाळंतपणानंतर तीन महिन्यांत ती कामावर रुजू झाली, त्याबद्दल नवऱ्याशी कधी धड बोललीच नव्हती. पुढच्या दोन बैठका त्यावरच गेल्या, दुसरी व्हिडिओवर, तो शेजारी बसलेला. रविवारी स्वयंपाक कोण करणार यावरून तिथेच वाजलं.

पासपोर्ट परत दिला. कॅमेरा हॉलमध्ये राहिला, स्वयंपाकघरातला काढला. पहिल्या रविवारी यायाला कुठं जावं सुचेना, ती खोलीतच बसून राहिली आणि मुलगा दार बडवत होता. आता ती औद मेथाच्या सेंट मेरीज चर्चला जाते, संध्याकाळी मैत्रिणींसोबत परतते. ती गेल्यावर मुलगा अजूनही अर्धा तास रडतो.

परवा मुलाच्या आईचा व्हॉइस मेसेज आला. रविवारी शीत-कडी भरवताना लेक 'तूबिग, तूबिग' म्हणत होता आणि हिला काही कळेना. यायाला फोन करायचा नाही, सुट्टी आहे. शेवटी त्यानंच नळाकडे बोट दाखवलं. "पाणी, ताई! रात्री ती आल्यावर असे आणखी दहा शब्द लिहून घेतले मी."

मागे नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता, कडीत सोलं जास्त पडली म्हणून.