पीएफची फाईल बदलण्याआधी पीपीपीओईचा पत्ता बघा

राम राम भाऊ. तुमची पोस्ट वाचली आणि माझेच जुने दिवस आठवले. तुम्ही चोपड्याला घरी जुन्या थिन क्लायंटवर (ऑफिसातला छोटा कमी ताकदीचा संगणक) राउटरचं काम करायला ओपनबीएसडी ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीत, आतून सगळं झकास चालतं, पण पुण्याहून शेतातला कॅमेरा उघडत नाही आणि इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात म्हणतात की तुमच्या मशीनचाच दोष. तुम्ही पीएफमध्ये, म्हणजे ओपनबीएसडीच्या फायरवॉलमध्ये, टाकलेला आरडीआरचा नियम (बाहेरून आलेलं कॅमेऱ्याकडे वळवणारा, म्हणजे पोर्ट फॉरवर्ड) मला ठीक दिसतोय, त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझं घर यावल तालुक्यात, नोकरी जळगावला. केळीच्या बागेतला कॅमेरा जळगावातून बघता यावा एवढीच इच्छा होती. त्यासाठी त्या ऑफिसात चार चकरा मारल्या, दर वेळी एकच उत्तर, तुमचं ते लिनक्स काढा आणि आमचा राउटर लावा. पाचव्या वेळी मी ऐकलं, आणि तिथेच माझं चुकलं. मशीन पुतण्याला देऊन टाकलं, त्याने त्याच दिवशी विंडोज चढवलं, आणि दोन वर्षं ओळ-ओळ जमवलेली माझी पीएफची फाईल गेली, कॉपी कुठेच नव्हती. त्यात प्रत्येक नियमावर मी मराठीत टीप लिहायचो, 'आबांचा मोबाईल, याला कधी अडवायचं नाही' अशी. त्यांचा राउटर लावला तरी कॅमेरा काही उघडला नाही. याचा राग मला अजून आहे, कारण खरं कारण त्यांना माहीत असणारच.

कारण शेवटी सांगितलं ते खांबावर केबल जोडायला आलेल्या पोराने. म्हणाला, भाऊ, इथे कोणालाच पब्लिक आयपी नाही, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा स्वतःचा पत्ता नाही. मग दुसरं मशीन घेतलं, रात्री टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) पीपीपीओई० वर, म्हणजे इंटरनेटवाल्यांकडे जाणाऱ्या जोडणीवर, लावून बसलो आणि फोन मोबाईल डेटावर घेऊन घराचा पत्ता उघडत राहिलो. स्क्रीनवर एक ओळ आली नाही. पॅकेट आपल्या दारापर्यंतच येत नसेल तर पीएफ बिचारं काय करणार.

म्हणून आधी आयएफकॉन्फिग ही कमांड देऊन पीपीपीओई० चा पत्ता बघा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत काही असेल तर तो सीजीनॅट, म्हणजे इंटरनेटवाल्यांनी एकाच पब्लिक पत्त्यामागे अनेक घरं बसवलेली, हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी वेगळा काढलाय. काही जण १० ने सुरू होणारा पत्तापण देतात, त्यामुळे बाहेरची साइट तुमचा जो पत्ता दाखवते त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे निघाले तर बाहेर दिसणाऱ्या त्या एका पत्त्यामागे कितीतरी घरं आहेत आणि पोर्ट फॉरवर्ड जन्मात चालणार नाही.

मला माहीत असलेले उपाय दोन. पैसे भरून स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पब्लिक पत्ता) घ्या, देत असतील तर. नाहीतर भाड्याने छोटा व्हीपीएस (पब्लिक पत्ता असलेला इंटरनेटवरचा सर्व्हर) घ्या आणि घरातून त्याच्याकडे वायरगार्डचा, म्हणजे व्हीपीएनचा, बोगदा काढा; मग बाहेरून व्हीपीएसवर यायचं आणि बोगद्यातून घरी. ओपनबीएसडीत ६.८ पासून, म्हणजे २०२० पासून, वायरगार्ड कर्नलमध्येच आहे, वेगळं पॅकेज लागत नाही, होस्टनेम डॉट डब्ल्यूजी० या फाईलमध्ये चार-पाच ओळी. फक्त डब्ल्यूजीपीकेए २५ (दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवत राहा) विसरू नका, नाहीतर थोडा वेळ काही गेलं-आलं नाही की नॅटमधली वाट बंद होते आणि बाहेरून परत आत येता येत नाही. मी काही नेटवर्क इंजिनीअर नाही, जिनिंगमध्ये हिशोब बघतो, माझ्या घरी जे चाललं तेच सांगतोय.

काही साइट अर्ध्याच उघडतात म्हणालात, ते वेगळं प्रकरण. पॅकेटच्या नेहमीच्या १५०० बाइटांतले ८ पीपीपीओईतच जातात आणि मोठी पॅकेट अडकतात, म्हणून पीएफमध्ये स्क्रबच्या नियमाला मॅक्स-एमएसएस १४४० (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) द्या.

आणि कोणी काही म्हणो, ओपनबीएसडी काढू नका. लाइट गेली, नेट गेलं, तरी यूपीएसवर बसून मॅन पीएफ डॉट कॉन्फ (मशीनमध्येच असलेली पीएफची माहितीपुस्तिका) वाचता येतं आणि त्यात सगळं असतं, कोणाच्या ऑफिसात जावं लागत नाही. मला हे मशीन आवडतं ते यासाठी, पीएस (चालू प्रोग्रामची यादी देणारी कमांड) मारला तर काय चाललंय ते सगळं ओळखीचं. मे महिन्यात मात्र ते पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, सिस्कंट्रोल एचडब्ल्यू डॉट सेन्सर्सने तापमान बघत जा. ईटीसी फोल्डरची (सगळ्या सेटिंगच्या फाईली तिथेच असतात) कॉपी आजच पेनड्राइव्हवर घ्या, हे वाचून झालं की लगेच.

पत्ता बघितला की त्याचे टिंबाने वेगळे केलेले पहिले दोन आकडे इथे टाका, पूर्ण पत्ता टाकू नका. सीजीनॅट निघाला तर माझी वायरगार्डची फाईल त्यातल्या गुप्त चाव्या काढून देतो.