वाचकांचे प्रश्न : वाईचा वाडा विकावा की राखावा?

प्रश्न : वाईत मधल्या आळीत आमचा दोनचौकी वाडा आहे. वाटेकरी सहा, त्यातले चार पुण्यात. बिल्डर सगळा वाडा मागतोय. पुतण्या म्हणतो, ‘काका, हेरिटेज हॉटेल काढू.’ हाताशी साडेचार लाख आहेत. काय करावं?

उत्तर : काका, साडेचार लाखांत हॉटेल होत नाही, छप्पर होतं. यंदा तेवढंच करा, मृगाच्या आत. कौलं उतरवा, कुजलेले वासे-रिपाच बदला, पन्हळी मोकळ्या करा. मग खांबांची बुडं पाहा. दगडी तळखड्यावर उभा असलेला सागवानी खांब तुम्हाआम्हाला पुरून उरेल. मागं कुणी फरशी घालताना बूड सिमेंटात गाडलं असेल, तर तिथं वाळवी शोधा.

सिमेंटच्या बाबतीत मी स्वतः पोळलेय. नवी नवी आर्किटेक्ट झाले तेव्हा मावशीच्या वाड्याला सिमेंटचा गिलावा मीच सुचवला. विटांची जुनी भिंत जमिनीतली ओल ओढते आणि चुन्यातून ती उडून जाते. सिमेंटनं ती वाट बुजली. ओल चढत फडताळापर्यंत गेली, मावशीच्या पोथ्यांना बुरशी आली. तिनं मला शेवटपर्यंत ऐकवलं! तेव्हा गिलावा चुन्याचाच, सुरखी म्हणजे विटांची भुकटी घालून, आणि पावसाळा सोडून. एका वाड्यासाठी चुन्याचा गवंडी मिळणं कठीण. कृष्णाबाईच्या उत्सवात आळी घाटावर भेटतेच, तिथं शेजारच्या दोन वाडेवाल्यांशी बोला आणि चुना मळायची घाणी तिघांत एकच लावा.

आता हॉटेल. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट ‘स्वदेस’ सिनेमात दिसला, म्हणून सगळ्यांनाच वाटतं की आपलाही दिसेल. पण पुण्याहून येणारा बहुतेक पाहुणा १७६२ च्या ढोल्या गणपतीला हात जोडतो आणि पसरणी घाटानं पाचगणीला मुक्कामाला जातो. त्याला खाट नको, दुपारचं जेवण हवंय. पुढचा चौक आणि ओटी एखाद्या चांगल्या खानावळवालीला भाड्यानं द्या. मागच्या चौकात तुम्हीच राहा. रिकामा वाडा फार लवकर खचतो.

त्याआधी सहाही जणांची लेखी संमती घ्या. कोण किती घालणार हे लिहा, आणि भाड्यातून पहिला खर्च दुरुस्तीचा, वाटणी नंतर, हेही लिहा. बिल्डरला तोवर सही देऊ नका.

आणि पुतण्याला या पावसाळ्यात महिनाभर वाड्यात राहायला बोलवा. हातात खडू द्या. जिथं ठिबकेल तिथं खाली फुली मारायची.